आधी आभार वाचणारे सर

सरांनी माझ्या देखत एकही शोधनिबंध पहिल्या पानापासून वाचला नाही. पोस्टमनने आणलेला जाड लिफाफा ते कात्रीने कडेकडेने उघडत, आतला निबंध बाहेर काढत आणि थेट शेवटचं पान गाठत. तिथे संदर्भांच्या यादीच्या जरा वर, बारीक अक्षरात चार ओळी असतात. कुणी मदत केली, पैसे कुठून मिळाले, असे सगळे आभार तिथे मानलेले असतात. सर चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाजवळ धरून त्या चार ओळी वाचत आणि "हं" म्हणत. त्या "हं"चे तीन-चार प्रकार होते. कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली एक हंगाम काढला, तेव्हा मला ते ओळखता येऊ लागले होते.

लग्नपत्रिकासुद्धा ते खालूनच वाचत. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांची नावं आधी, मग व्यवस्थापक मंडळी, मग वरची माणसं.

"नवरा-नवरी कोण ते सगळ्या गावाला माहीत असतं," ते म्हणत. "घर कुणाच्या जिवावर चालतं ते खाली कळतं."

"म्हणून तर मागच्या वर्षी भलत्याच मांडवात जेवून आलात," त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणायच्या. "आहेरसुद्धा देऊन आलात!"

कारखान्यात त्यांना सगळे साहेब म्हणत, कारण ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते. मी नगरहून एम.एस्सी. करून नुकताच आलेलो. पहिल्या दिवशी सवयीने तोंडातून 'सर' निघालं. ते एकदम थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि इतके खूश झाले, की पुढे साहेब म्हणायची माझी हिंमतच झाली नाही. ते मला 'एमेस्सी' म्हणत. नाव त्यांना ठाऊक होतं, पण वापरलेलं आठवत नाही.

त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एम.एस्सी.चा प्रकल्प मागून घेतला आणि आभाराचं पान काढलं.

"सतरा जणांचे आभार मानलेस, एमेस्सी. प्राचार्य, उपप्राचार्य, ग्रंथपाल, संस्थेचे अध्यक्ष. यातल्या कुणी तुला खरी मदत केली?"

मी जरा घुटमळलो. "शिपाईमामांनी, सर. ते सुट्टीतसुद्धा लॅब उघडून द्यायचे."

"त्यांचं नाव कुठाय?"

नाव नव्हतं. सरांनी प्रकल्प मिटून परत दिला. 

मी तिथे का आलो होतो ते सांगायला हवं. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला पुढे संशोधन करायचं होतं आणि परदेशात विज्ञानाच्या पीएच.डी.ला पगार देऊन घेतात एवढं ऐकलं होतं. कुठे, कोण, कसं, काही माहीत नव्हतं. माझ्या मामांनी आश्रमशाळेवर मास्तरची जागा बघून ठेवली होती. वडील म्हणाले, "एक हंगाम बघ. कारखाना बंद व्हायच्या आत कायी झालं तर झालं. न्हाई तर मामाचं आईक." म्हणून मी प्रयोगशाळेत हंगामी नोकरी धरली. कोपरगावच्या त्या सरांच्या हातून दोन मुलं बाहेर गेली आहेत, अशी नगरच्या कॉलेजात कुजबूज होती.

सरांची पद्धत जगावेगळी होती. दोन-तीन महिन्यांतून एकदा ते रजा टाकून एस.टी.ने पुण्याला जात. पुढचं सीट, खिशात लिंबू, कारण गाडी त्यांना लागायची. तिथे एका वाचनालयात दिवसभर बसून परदेशी नियतकालिकांतले पत्ते पेन्सिलीने उतरवून आणत. मग त्या प्राध्यापकांना कार्ड पाठवत, 'आपल्या अमुक निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी.' कार्डं गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यातून छापून घेतलेली. पहिल्या खेपेला छापखानेवाल्याने सवयीने वर गणपती छापला होता. सरांनी ती कार्डं फेकली नाहीत, तशीच पाठवली. "त्या गठ्ठ्याला सगळ्यात जास्त उत्तरं आली," ते सांगत.

आणि उत्तरं खरंच येत. त्या काळी प्राध्यापक स्वतःच्या निबंधाच्या छापील प्रती जवळ ठेवत आणि मागेल त्याला पोस्टाने पाठवत. पोस्टमन सायकल लावताना ओरडायचा, "साहेब, आज तीन देश आणलेत!" घराच्या मागच्या खोलीत साखरेच्या रिकाम्या पोत्यांत हे निबंध भरून ठेवलेले होते. एका पोत्यावर जर्मनी, एकावर जपान, एकावर हॉलंड. सगळ्या ज्ञानाला मळीचा वास यायचा.

"जाहिराती वाचू नकोस," ते मला म्हणाले. "जाहिरात आली म्हणजे जागा भरत आली. आभार वाच. हे बघ. या माणसाने तीन निबंधांत एकाच संस्थेचे पैशांसाठी आभार मानलेत. चौथ्यात नवी संस्था आली. म्हणजे नवे पैसे आले. नवे पैसे आले म्हणजे काम करायला माणूस लागणार. आणि ही मुलगी, तीन निबंधांत हिचं नाव आहे. चौथ्यात म्हणतो, 'हिच्या प्रबंधासाठी केलेली मोजमापं वापरली.' म्हणजे हिचा प्रबंध झाला. टेबल रिकामं झालं."

"सर, तुम्ही स्वतः का नाही गेलात?" मी एकदा धीर करून विचारलं.

"मला जायचं कुठं होतं?" ते खरोखर चकित होऊन म्हणाले. "मला उत्तर यायला हवं होतं."

पत्र लिहायचे त्यांचे नियम होते. एक पान. स्तुती नाही. 'सविनय' नाही. आपल्याला पगारी जागा हवी आहे, हे एका ओळीत स्पष्ट. "लाजायचं नाही. ते दान देत नाहीत, काम घेतात." आणि एक प्रश्न. त्यांच्या निबंधातली जी गोष्ट आपल्याला खरोखर कळली नाही, तिच्याबद्दल.

हाच नियम मला जमत नव्हता. न कळलेलं लपवत लपवतच मी एम.एस्सी.पर्यंत आलो होतो. वर्गात हात वर केला की पोरं हसायची, म्हणून हात खाली ठेवायला शिकलो होतो. मी हुशार दिसतील असे प्रश्न शोधून काढायचो. सर पत्र वाचायचे, अर्थात खालून, आणि म्हणायचे, "हा प्रश्न खोटा आहे. याचं उत्तर तुला येतं." तरी मी हट्टाने अकरा पत्रं पाठवली. दोन नकार आले, तेही गोड भाषेत. बाकीच्यांचं काहीच नाही. संक्रांत झाली. पाच महिन्यांचा हंगाम निम्म्यावर आला.

मग मिलचा शाफ्ट तुटला. दोन दिवस गाळप बंद. आवारात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उसासकट उभे. तिसऱ्या दिवशी गाळप सुरू झालं आणि मी रसाचे नमुने तपासायला बसलो. रसातून प्रकाश सोडून त्यातली साखर मोजायचं यंत्र असतं. त्या दिवशी रस गाळणकागदातून उतरायलाच दुप्पट वेळ लागत होता, जणू त्यात कुणी खळ कालवली होती. आणि यंत्र मात्र दाखवत होतं की साखर वाढली आहे. तीन दिवस उन्हात वाळलेल्या उसात! मी यंत्र पुसलं, नळी पुन्हा धुतली, पुन्हा मोजलं. तोच आकडा.

तिथे एक पद्धत होती, मला जुन्या हंगामी पोरांनी शिकवलेली. विचित्र आकडा आला की आकडा बसवायचा, म्हणजे मागच्या तासाचा थोडा इकडेतिकडे करून लिहायचा. कुणी काही विचारत नाही. मी पाळी संपेपर्यंत आकडे बसवले. पण का कोण जाणे, खरे आकडे माझ्या खिशातल्या डायरीत उतरवून ठेवले. टाकवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर नोंदवही घेऊन आले. वही त्यांनी मागूनच उघडली होती.

"एमेस्सी, इतका शहाणा ऊस मी तीस वर्षांत पाहिला नाही. तासातासाला गुण्यागोविंदाने चाललाय."

मी हातातली नळी पुसत राहिलो.

"खरे आकडे कुठायत?"

मी डायरी काढून दिली. कान तापले होते. वाटलं, नोकरी गेली, त्यापाठोपाठ सगळंच गेलं. सरांनी आकडे पाहिले आणि त्यांचा आवाज बदलला.

"हे का बदललंस?"

"मला कळलं नाही, सर. शिळ्या उसात साखर वाढते कशी, हे मला कळलं नाही. म्हणून बदललं."

सरांनी चक्क टाळी वाजवली. "अरे गाढवा, मग हाच तो प्रश्न! अकरा पत्रं झाली आणि खरा प्रश्न खिशात घेऊन हिंडतोयस!"

आधी त्यांनी माझ्याकडून नोंदवहीतला एकेक बसवलेला आकडा खोडून घेतला, शेजारी खरा आकडा लिहून घेतला, प्रत्येकापुढे सही घेतली. मग मला घरी नेलं आणि हॉलंडच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. हॉलंडमध्ये ऊस नसतो, साखर बिटापासून करतात. थंडीत बीट गोठलं आणि मग वितळलं की त्यात जंतू वाढतात आणि साखरेच्या कणांची लांब चिकट साखळी विणतात. ती साखळी त्या यंत्राला फसवते, साखर आहे त्याहून जास्त दाखवते. एका बाईंनी त्यावर काम केलं होतं. सरांनी शेवटचं पान वाचलं. "हं" म्हणाले. हा मी कधी न ऐकलेला "हं" होता.

"नवे पैसे. चार वर्षांचे. आणि जुना विद्यार्थी प्रबंध देऊन गेला."

मी भीत भीत म्हणालो, "सर, त्यांचं बीट थंडीने बिघडतं, आपला ऊस उन्हाने. दोन्हीकडची साखळी एकच असेल का? आपल्याकडे तिसऱ्या दिवशी ऊस हाताला बुळबुळीत लागतो, पण दुसऱ्या दिवशी लागत नाही. मध्ये काय होतं?"

"बुळबुळीत लागतो हे तुला कुणी सांगितलं? पुस्तकात तर नाही."

इथे मी अडखळलो. प्रयोगशाळेत मी सगळ्यांना सांगितलं होतं की वडील शेती करतात. ते खोटं नव्हतं. दोन एकर कोरडवाहू होतं. पण दिवाळीनंतर ते आणि आई दरवर्षी ऊसतोडीला निघत आणि त्या वर्षी टोळीला हाच कारखाना मिळाला होता. रविवारी मी आडवाटेने त्यांच्याकडे जायचो, प्रयोगशाळेतलं कुणी बघू नये म्हणून.

"वडिलांनी," मी म्हणालो.

"कुठे असतात?"

"इथंच, सर. अड्ड्यावर. कोपीत."

सर उठले. खुंटीवरची टोपी घातली, वही घेतली. "चल."

दुपार होती. तोडकऱ्यांच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या त्या झोपडीपुढे आई भाकरी थापत होती. साहेब आलेले पाहून वडील गडबडून उभे राहिले. त्यांना वाटलं, माझ्या हातून काही चूक झाली.

"पोरानं काय केलं का, सायेब?"

"केलं. पण मी तुमच्याकडे शिकायला आलोय," सर म्हणाले आणि तिथेच मातीत बसले. "शिळा ऊस कसा ओळखता?"

वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीतलं एक कांडं उपसलं आणि मोडलं. "पैल्या दिशी मोडला का टच्चकन आवाज येतो, सायेब. दुसऱ्या दिशी आवाज न्हाई, आंबूस वास येतो. तिसऱ्या दिशी हात चिकटत न्हाई, घसरतो. बुळबुळ. बैलबी त्वांड फिरवतो."

सर लिहून घेत होते. "बैल नक्की कितव्या दिवशी तोंड फिरवतो?"

"त्ये बैलाव हाय. आमचा पांढरा दुसऱ्याच दिशी नखरं करतो."

"सावलीतला ऊस असेल तर?"

"एक दीस उशिरा. पन पानी मारलं तर लवकर, बरं का. लोक म्हनत्यात पानी मारल्यावर ताजा ऱ्हातो. खोटं हाय."

अर्धा तास हे चाललं. मी उभा होतो आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. मग वडिलांनी हात झटकले आणि हळूच विचारलं, "सायेब, पोरगं म्हनतं, तकडं शिकायचे पैशे तेच देतेत. खरं हाय का ह्ये?"

"खरं आहे."

"मंजी उचलच की, तोडीआधी मुकादम देतो तसली. आन् मुकादम कोन?"

"प्रोफेसर. बाई आहेत."

"बाईमानूस मुकादम!" आई तव्याकडे बघत हसली.

"आन् उचल फिटली न्हाई तर?"

"फेडायची नसते ती. काम करायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा. चार वर्षं."

वडील सरांसमोर मातीत बसले. मग आईकडे वळून म्हणाले, "फेडायची न्हाई म्हनं." जणू तिने ऐकलंच नव्हतं.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, 'माझे वडील ऊस तोडतात आणि तिसऱ्या दिवशी हात घसरतो असं सांगतात.' रात्रभर ते वाक्य मला खुपलं. सकाळी मी ते काढून 'स्थानिक शेतकरी सांगतात' असं केलं. सरांनी पत्र खालून वर वाचलं आणि मधेच थांबले.

"हे स्थानिक शेतकरी कोण?"

मी मान खाली घातली.

"शिपाईमामांचं नाव एकदा राहिलं. तेव्हा तू विद्यार्थी होतास," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. कोरा कागद पुढे सरकवला. मी वाक्य परत घातलं. खरे आकडे सोबत जोडले. आकडे आधी बदलले होते आणि मग दुरुस्त केले, हेही सरांनी लिहायला लावलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. फेब्रुवारी सरला. उसाची पानं करपायला लागली. टोळ्या पट्टा पडायची, म्हणजे गाळप संपायची, भाषा बोलू लागल्या. मामांचा निरोप आला, की आश्रमशाळेवर गुढीपाडव्याच्या आत हो-नाही कळवा. सर मला काही म्हणत नसत. फक्त पोस्टमनची सायकल वाजली की ते माझ्याआधी दारात असत. बहुतेक वेळा त्यांचेच देश यायचे. ते लिफाफे सर न उघडता टेबलावर टाकत. ही गोष्ट काकूंनी मला नंतर सांगितली. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं म्हणे.

एका सकाळी पोस्टमन सायकल न लावताच ओरडला, "हालंड! पन साहेब, ह्या खेपेला तुमचं न्हाई. एमेस्सीचं हाय!"

सरांनी लिफाफ्याला हात लावला नाही. कात्री माझ्या हातात दिली. मी कागद उलगडला आणि माझी नजर आपोआप सगळ्यात खाली गेली. सहीखाली ता.क. होता. 'तुमच्या वडिलांना कृपया विचारा, की ऊस रात्री तोडला तर हात घसरायला किती वेळ लागतो? आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नाही.'

"वर वाच आता," सर म्हणाले. 

वर लिहिलं होतं, की एका विद्यार्थ्याचं चार वर्षांचं वेतन मंजूर आहे, आकडे दुरुस्त केल्याचं लिहिलंत हे आवडलं, आणि प्रमाणपत्रं तातडीने पाठवा. पुढे महिनाभर कोपरगावातल्या एस.टी.डी. बूथवर फॅक्सच्या खेपा झाल्या. नेमणुकीचं पत्र आलं त्या आठवड्यात पट्टा पडला. वडिलांची टोळी गावाकडे निघाली होती, तिला गाठून मी बातमी सांगितली. आश्रमशाळेला नकार वडिलांनीच कळवला.

निघायच्या दिवशी सर स्टँडवर आले. उपदेश केला नाही. खिशातून दोन लिंबं काढून माझ्या हातात ठेवली. "विमान एस.टी.पेक्षा जास्त लागत असेल," म्हणाले.

तिसऱ्या वर्षी माझा पहिला निबंध छापून आला. प्रती माझ्या हातात पडायच्या आधीच एक कार्ड येऊन धडकलं. छापील, लग्नपत्रिकेच्या कागदावर, वर गणपती. 'आपल्या अमुक निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी.' रिकाम्या जागी माझं नाव सरांच्या अक्षरात, आणि त्याआधी 'डॉक्टर' लिहून खोडलेलं. अजून झालो नव्हतो ना.

मी प्रत पाठवली. उत्तराला महिना लागला.

'आभार वाचले. वडिलांचं नाव आधी, माझं नंतर. बरोबर आहे. आता पहिल्या पानापासून वाचतो आहे. दुसऱ्या पानावरचा तक्ता मला जरा जास्तच शहाणा वाटतो. खरे आकडे वेगळे ठेवले असतील तर पाठव.'

तक्त्यात सरासऱ्या होत्या, पण एकेक मोजलेला आकडा वहीत ठेवला होता. त्याच दुपारी पाठवले.